अर्धी अनामिका

आमच्या घरात हाडांना आता कुणी दचकत नाही. पुस्तकांच्या कपाटात खालच्या फळीवर पूर्वी दिवाळी अंक रचलेले असत. तिथे आता एका कापडी पिशवीत माणसाचा अर्धा सांगाडा असतो. अर्धा म्हणजे एका बाजूचा. हातापायांची हाडं दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे एका बाजूवर भागतं, असं भाची म्हणते. पिशवी तिने सीनियर मुलीकडून घेतली, त्या मुलीने तिच्या सीनियरकडून. मांडीच्या हाडावर कुणीतरी लाल आणि निळ्या रंगाने स्नायूंच्या जागा आखल्या आहेत. स्नायू जिथून निघतो ती जागा लाल, जिथे जाऊन चिकटतो ती निळी. त्या रेघांवर दुसऱ्या कुणाच्या तरी रेघा आहेत, जरा सरकलेल्या. आणि त्या दोघांच्या भांडणात तिसऱ्या कुणीतरी पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. मी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या, पण इतकं प्रामाणिक टिपण फार थोड्या वेळा पाहिलं.

भाची सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. एवढं लांब नाव गावात कुणी घेत नाही. १९६३ साली सुरू झालेल्या या कॉलेजाला सगळे ‘व्ही. एम.’ म्हणतात आणि त्याच्या रुग्णालयाला नुसतं ‘सिव्हिल’. ती मंगळवेढ्याकडच्या एका गावातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. राहते माझ्याकडे, रेल्वे लाइन्समध्ये. मी निवृत्त मराठी शिक्षिका. शरीराविषयीचं माझं ज्ञान गुडघ्यांच्या तक्रारीपाशी सुरू होऊन तिथेच संपतं. तरी रात्री जेवणं झाली की ती जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, “मावशी, तू बघ. मी म्हणते.” मग मी चष्मा लावून, अर्थ न कळता, अक्षरावर बोट ठेवून बसते. चुकली की “हं” एवढंच म्हणायचं, उत्तर सांगायचं नाही, हा तिचा नियम. शिक्षिकेला उत्तर न सांगता बसणं किती अवघड जातं ते तिला काय ठाऊक!

मोठ्या माणसाच्या अंगात हाडं २०६. हा आकडा शाळेतही असतो आणि ऐकायला सोपा वाटतो. खरा बोजा हाडांच्या संख्येचा नसतोच. प्रत्येक हाडावर उंचवटे, खाचा, भोकं, आणि त्या प्रत्येकाला स्वतंत्र नाव. त्या उंचवट्याला धरून स्नायू. आणि प्रत्येक स्नायूचे चार प्रश्न: ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय, ॲक्शन. तो कुठून निघाला, कुठे गेला, त्याला हुकूम कोण देतं आणि तो करतो काय. नुसत्या एका हातात, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, सत्तावीस हाडं. हे सगळं हात, पाय, छाती, पोट, डोकं-मान, मेंदू असं फिरून यायचं आणि त्याच वर्षी फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीही सांभाळायची. पुस्तक म्हणजे बी. डी. चौरसिया. ग्वाल्हेरच्या या प्राध्यापकांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९७९ची. साध्या रेघांची, पोरांना वहीत काढता येतील अशी चित्रं ही त्याची खासियत. मुलं त्याला ‘बीडी’ म्हणतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का दुपारी घरी विड्या वळतात, “आज रात्रभर बीडी करायचीय” हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं भांडं तसंच ठेवून त्या मला म्हणाल्या, “डाक्टरीणबाईला पण विडीच करायला लावलेत की हो!”

पहिले काही महिने तिने वह्या लिहिल्या. काय वह्या होत्या! धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी, लसिकावाहिन्या हिरव्या. मथळे काळ्या शाईत, खाली पट्टीने दुहेरी रेघ. पुस्तकातलं वाक्य न् वाक्य त्या सुंदर अक्षरात उतरलेलं. हिस्टॉलॉजीच्या जर्नलसाठी एका टोकाला गुलाबी आणि दुसऱ्या टोकाला जांभळी अशी खास पेन्सिल मिळते, पेशींच्या रंगवलेल्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली तशाच दिसतात म्हणून. त्या पेन्सिलीने तिने काढलेली पानं फ्रेम करून लावावीत अशी. माझ्यातली शिक्षिका सुखावली होती.

मग एका व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, डिसेक्शन हॉलमध्ये, टेबलावरच्या देहाच्या दंडातून एक धागा चिमट्याने उचलून तिला विचारलं गेलं, हे काय? ती बघत राहिली. फॉर्मॅलिनमधल्या देहात पिवळं काही नसतं. लाल-निळंही नसतं. नर्व्ह, शीर, धमनी, सगळ्यांवर तोच एक मळकट, उकडलेल्यासारखा रंग. धमनी बोटाला जरा जाड लागते, शीर चपटी पडते, नर्व्ह दोरीसारखी भरीव लागते. पण हे बोटांना कळायचं असतं आणि बोटं तर इतके दिवस स्केचपेन धरण्यात गुंतलेली. घरी येऊन तिने वही उघडली, तर त्या धाग्याचं नाव तीन ठिकाणी, पिवळ्या रंगात, दुहेरी रेघेखाली लिहिलेलं.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग आता बराच प्रसिद्ध आहे. काहींनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे, आणि चांगलेच पुढे. गंमत म्हणजे आपल्याला हे लक्षात राहणार याची खात्री पुनःपुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होती. हे वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या सगळ्या नीटनेटक्या मुली आठवल्या.

यात आमच्या पिढीला नवं काही नाही, असं मी भाचीला ऐकवलं. तिन्हीसांजेला हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसवायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. वही नाही, पाटी नाही, समोर फक्त आजी आणि तिच्या हातातली वात. अडलं की मागे जायचं, पुन्हा यायचं. रोज म्हणायचं, आणि सुट्टीत विसरलं की जून महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःलाच निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो छापला. पहिल्या दिवसातच बरंचसं गळून जातं, मग गळती मंदावते. आजीला तो आलेख माहीत नव्हता, पण कोणत्या दिवशी काय विचारायचं हे पक्कं माहीत होतं. परवच्यानंतर रामरक्षा. भाचीला मी दाखवून दिलं की रामरक्षेत शरीर वरून खाली उतरत जातं: डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, कंठ, खांदे, दंड, हात, हृदय, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पावलं. एकही जागा वगळायची नाही, क्रम मोडायचा नाही. लहानपणी म्हणताना आम्ही त्या त्या जागेवर हात ठेवायचो. तेच कामाचं, हे मला या वर्षी कळलं.

मात्र मी हे अभिमानाने सांगत असताना तिने मध्येच विचारलं, “पण औटकी उलटी येते का तुला? साडेपंचेचाळीस म्हणजे किती औट?” मला आली नाही. पस्तीस, साडेअडतीस करत बारा औट बेचाळीस, इथवर पोचले, पुढे गाडी गेली नाही. मधूनच विचारलं की परवचा अडतो. आणि परीक्षक नेहमी मधूनच विचारतो.

म्हणून तिने वहीचा समास रुंद केला. आम्ही शाळेत समास सोडायला लावायचो तो मास्तरांच्या लाल शेऱ्यासाठी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी तीच जागा विद्यार्थ्याला दिली: उजवीकडे टिपण, डावीकडच्या पट्टीत त्या टिपणाने उत्तर दिलेला प्रश्न, उजवी बाजू झाकून डावीकडून वाचायचं. भाचीने त्यात भर घातली ती वेळेची. डिसेक्शनहून आल्यावर लगेच लिहायचं नाही. जेवून, जरा विसरून, मग पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर आठवेल ते काढायचं. जे आठवलं नाही तेवढंच वहीत जातं. त्यामुळे वह्या बारीक झाल्या, आणि कुरूप. खोडाखोड, बाण, अर्धवट हात, मध्येच मराठीत ‘हे परत का विसरतेस बाई?’ माझ्या मते या वह्या पूर्वीच्यांपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत, पण शाळेत असते तर मी त्यांना नीटनेटकेपणाचा एक गुण दिला नसता.

चित्रांसाठी तिने माझं टिकल्यांचं पाकीट पळवलं. बीडीतल्या आकृतीवर प्रत्येक नावावर एकेक टिकली. बोट ठेवून नाव म्हणायचं, टिकली उचलून बघायचं, पुन्हा लावायची. आमच्या घरी काही दिवस पुस्तकातल्या कवटीला टिकल्या होत्या आणि मला नव्हती.

अवयवाचं नाव अवयवावरच छापायचं, ही चाल ज्याने रूढ केली तो चित्रकार आपल्या मुलखात राहून गेला आहे, हे मला ती टिकल्या लावत असताना शोधून सापडलं. १८५८ साली लंडनमध्ये निघालेली ‘ग्रेज ॲनाटॉमी’ जगाला हेन्री ग्रेच्या नावाने ठाऊक आहे. तिच्यातली चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या तरुण डॉक्टरची. तोवरच्या बऱ्याच पुस्तकांत चित्रावर बारीक आकडे नाहीतर अक्षरं असत आणि नावांची यादी दुसरीकडे. वाचणाऱ्याची नजर सारखी येरझारा घालायची. कार्टरने धमनीच्या अंगावरून, तिच्या वळणाने, तिचं नाव लिहिलं. तेही लाकडी ठोकळ्यावर, उलट्या अक्षरांत, छापल्यावर सुलट यावं म्हणून. पुस्तकाच्या प्रुफावर ग्रेने कार्टरचं नाव लहान टायपात करायला लावलं. पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर मुंबईत पोचला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो ॲनाटॉमी शिकवायला लागला, पुढे काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, आणि महारोगावर, पायाला होणाऱ्या मदुरा रोगावर त्याने इथेच मोलाचं काम केलं. ग्रे १८६१ साली देवीच्या रोगाने वारला होता. लहान टायपातला माणूस जवळजवळ तीस वर्षं आपल्याकडे माणसं तपासत राहिला, ही गोष्ट मला त्याच्या चित्रांइतकीच आवडते.

नावं क्रमाने लक्षात ठेवायला मुलं वाक्यं रचतात. मनगटात आठ छोटी हाडं: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, दुसऱ्या रांगेत ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं इंग्रजी वाक्य कुठल्याशा सुंदर मुलीच्या मागे लागणाऱ्या पोरांचं आहे. भाची म्हणाली, हे काही मी म्हणणार नाही. मग आम्ही दोघींनी एक रात्र खर्चून नवं केलं: ‘सोलापूरला लवकर टांग्यानं पोचलो, टपरीवर टम्म कांदाभजी हाणली.’ अक्षरं जुळतात, चवही जुळते. आता तिच्या बॅचची मराठी मुलं तेच म्हणतात, असं ती सांगते. माझ्या लेखनकारकिर्दीतलं हे सर्वांत खपाचं वाक्य असावं.

पण त्यात तीन ‘ट’ आहेत. कुठला ‘ट’ ट्रॅपेझियमचा आणि कुठला ट्रॅपेझॉइडचा, हे वाक्य सांगत नाही. ते अंगठा सांगतो: ट्रॅपेझियम अंगठ्याच्या मुळाशी बसतं, अंगठा सगळीकडे फिरतो तो त्याच्या खोगिरासारख्या आकारावर. तसंच गड्ड्याच्या दिवसांत तिने काढलेल्या युक्तीचं झालं. संक्रांतीला सिद्धेश्वराची ही गड्ड्याची यात्रा भरते, बाराबंदी घातलेले मानकरी उंच नंदीध्वज पेलत गावाभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत जातात. त्यांच्यामागून वर्षानुवर्षं चालणाऱ्याला पुढचं लिंग कोणतं हे आठवावं लागत नाही, पाय आपोआप वळतात. हे बघून भाचीने मेंदूतून निघणाऱ्या बारा नर्व्ह कॉलेजपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर मांडल्या. वासाची पहिली भज्यांच्या गाड्यावर, दृष्टीची दुसरी चष्म्याच्या दुकानात, आणि मानेतून छातीत, छातीतून पोटात अशी लांबवर उतरणारी दहावी वेगस एसटी स्टँडवर, वाट जरा वाकडी करून. ग्रीक-रोमन वक्ते भाषणं अशीच घरांच्या खोल्यांतून मांडून ठेवत म्हणे. यादीसाठी ही युक्ती नामी. पण चिरफाडीच्या टेबलावर यादी कुणी विचारत नाही. तिथे विचारतात ‘रिलेशन्स’: याच्या पुढे कोण, मागे कोण, इथे कापलं तर काय तुटेल?

रिलेशन्स पाठ होत नाहीत. त्यांना कारण लागतं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा पडतो. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड. हात टेकून पडलं की मनगटातल्या आठांपैकी मोडतं ते बहुधा हेच. त्याचं रक्त बोटांकडच्या टोकाने आत शिरतं आणि उलटं कोपराच्या दिशेने जातं. त्यामुळे हाड मधोमध, त्याच्या कमरेत, मोडलं की अलीकडच्या तुकड्याचा पुरवठा तुटून तो मरू शकतो. हे एकदा समजल्यावर भाचीला स्कॅफॉइडची रक्तवाहिनी पुन्हा पाठ करावी लागली नाही, आणि मीही आता न्हाणीघरात जपून पाय टाकते.

खरी मजा झाली ती ब्रेकियल प्लेक्ससच्या वेळी. मानेतल्या पाच मुळांपासून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं हे जाळं. पाच मुळं, त्यांचे तीन बुंधे, त्यांच्या सहा फाटी, त्या पुन्हा जुळून तीन दोर आणि शेवटी पाच फांद्या. ते रोज एकदा न बघता काढायचं, असा तिच्या सीनियरचा दंडक होता. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी भरून गेल्या. अक्का फरशी पुसता पुसता त्या बघायच्या. अक्का शहराच्या पूर्वभागातल्या, घरी तेलुगू. नवरा मागावर चादरी विणायचा, आता माग बंद. एक दिवस त्या खाली बसल्या आणि कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, “पाच धागे इकडून गेलेत, पाच तिकडून निघालेत. मधे कोणता कुणात गेलाय? मागावर असं गुंतलं तर आम्ही एकेक धागा धरून जायचो बघा, ताणा तुटू द्यायचा नाही.”

भाची एकेक धागा धरून गेली. अक्कांना, मराठीत. तोवर ती आकृती तिला अख्खी यायची, नकाशासारखी पाठ; आता पहिल्यांदा ती तिच्यातून चालत गेली. हा पाचवा नि हा सहावा मिळून वरचा बुंधा. बाहेरच्या दोरातून एक पदर, आतल्या दोरातून एक, दोन्ही जुळून मीडियन नर्व्ह. ती दंडातून खाली, कोपराच्या पुढून, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून तळव्यात. त्या बोगद्यात बोटं मिटणारे नऊ दोर आणि त्यांच्यात दाटीवाटीने ही एक नर्व्ह.

“आणि मग कुठं जाते?” अक्कांनी विचारलं.

“अंगठा, हे बोट, मधलं बोट आणि याची अर्धी बाजू.” भाचीने अनामिकेवर नखाने मधोमध रेघ ओढली. “करंगळी आणि उरलेली अर्धी दुसरीची.”

अक्कांनी आपला उजवा हात पुढे केला. “रात्री हीच बोटं मुंग्या येऊन मरायलेत माझी. हे, हे, हे. करंगळी नाही. आणि याची ही बाजू मरते, ही नाही. मी म्हणायचे, अर्धं बोट कसं मरेल? नवरा हसायचा.”

भाची गप्प झाली. मग तिने अक्कांच्या तळव्याच्या मध्यभागी टोचून विचारलं, इथे कळतं का? कळत होतं. त्या जागेची फांदी बोगद्याच्या अलीकडेच सुटून वरून जाते, ती चिरडत नाही. हे तिने चौरसियात वाचलं होतं आणि दर वेळी विसरत होती. मग अंगठ्याखालचा फुगीर भाग दाबून बघितला, दोन्ही हातांचा. “उद्या सिव्हिलला जायचं. मी येते बरोबर. मला काही कळत नाही अजून, पण ज्यांना कळतं त्यांना दाखवू,” असं म्हणाली, आणि मला तिचं ते ‘अजून’ फार आवडलं. ओपीडीत डॉक्टरांनी तपासून रात्री मनगटाला बांधायचा पट्टा दिला आणि विड्या वळणं कमी करा म्हणून सांगितलं. अक्का हसल्या. विडीची मजुरी हजारावर मिळते. मनगट वाकवून पान वळल्याशिवाय हजार होत नाहीत. पट्टा मात्र बांधतात. मुंग्या कमी आहेत म्हणतात.

त्या रात्री भाचीच्या वहीत समासात नवा प्रश्न आला: ‘अक्कांचं अर्धं बोट का मरतं?’ उजवीकडे उत्तर लिहिलेलं नाही. लागत नाही म्हणाली.

दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं आणि आम्ही ते मुलांपासून लपवून ठेवतो, कारण फायदा आमचा असतो. भय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, आता स्मारक. तिला तिथे मी नेलं तेव्हा मनात देशभक्ती वगैरे होतीच. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होतं. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा माणूस मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास कॉलेजात इंग्रजीत डॉक्टरकी शिकला, १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, आणि तिथे चिनी शिकून, चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून शस्त्रक्रिया शिकवायला लागला. युद्धाच्या डोंगराळ मुलखात, पुस्तकांची वानवा असताना. शिकवण्यासाठी टिपणं स्वतःच लिहावी लागली, त्यांतून शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं, आणि १९४२च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फेफऱ्याच्या झटक्यांनी तो गेला. मुंबईत एकदा शिकलेला हात, त्यातला प्रत्येक धागा, त्याला परभाषेत, समोर बसलेल्या पोराला कळेल असा पुन्हा सांगावा लागला असणार. भाची त्या फोटोंपुढे बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “मावशी, मी इंग्रजीत शिकते आणि अक्कांना मराठीत सांगते, म्हणजे माझं निम्मं काम झालंय.” निम्म्याचा हिशेब मला कळला नाही, पण उत्साह कळला.

हल्ली ती दिसेल त्याचं अंग तपासते. दूधवाल्याच्या मानेवरचा स्नायू त्याला वळून बघायला लावून पाहते. स्वतःच्या हातावर स्केचपेनने धमन्या काढून कॉलेजला जाते, आंघोळीत पुसल्या की पुन्हा न बघता काढते. परवा माझी पाळी आली. “अंगठा करंगळीला टेकव आणि मनगट जरा वाकव.” वाकवलं. तिच्या मनगटावर मधोमध एक दोर ताठ उभा राहिला. माझ्या मनगटावर काहीच नाही. दुसरा हात बघितला. तिथेही नाही. पामॅरिस लाँगस नावाचा स्नायू, म्हणाली. काही माणसांना तो जन्मतःच नसतो, त्यावाचून काही अडत नाही. तुटलेल्या दोराच्या जागी जोडायला सर्जन तो खुशाल काढूनही घेतात.

मला जरा खट्टू वाटलं. पुस्तकातली एक गोष्ट माझ्यात नाही! देहदानाचा फॉर्म मी आमचे हे गेल्यावर लगेच भरून ठेवलेला आहे, कार्ड देवघराच्या खणात असतं, हे तिला माहीत आहे. म्हटलं, “अगं, मग कुणीतरी माझ्या मनगटात तो शोधत बसेल की. बिचाऱ्याचा तास फुकट जायचा.”

तिने माझा हात सोडला नव्हता. नखाने मनगटाची रिकामी जागा चाचपत ती म्हणाली, “फुकट कसा? तुझ्या टेबलाला सगळी बॅच जमेल. आणि व्हायव्हाला हमखास विचारतील.” मग पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. “धर. आज पाय.”